हलक्या विद्युतचुंबकीय कवचांची रचना आणि मशीन लर्निंग : एक आढावा

विजेवर चालणारे प्रत्येक उपकरण नको असतानाही थोडेफार रेडिओतरंग बाहेर टाकते आणि शेजारच्या उपकरणांनी टाकलेले तरंग आत घेते. त्यातून एका यंत्राच्या कामात दुसऱ्याचा व्यत्यय येतो. हा व्यत्यय अडवण्यासाठी उपकरणाभोवती, त्यातल्या एखाद्या चिपवर किंवा केबलवर जे आवरण घालतात, ते विद्युतचुंबकीय कवच. मायकेल फॅरेडेने १८३६ साली धातूच्या वर्खाने मढवलेली खोली उभारली आणि बाहेरून विजेचे झोत सोडले तरी आत विद्युतभार पोचत नाही हे दाखवले. तेव्हापासून बराच काळ कवच म्हटले की तांबे, ॲल्युमिनियम किंवा पोलाद हेच डोळ्यांसमोर येई. आता प्रश्न वजनाचा आहे, आणि तो सोडवण्यासाठी पदार्थशास्त्रज्ञ मशीन लर्निंगकडे वळले आहेत.

वजनाचा प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसतो तो विमानात. बोइंग ७८७ या विमानाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बनतंतूंच्या संमिश्र पदार्थांचा आहे. जुन्या विमानांचे ॲल्युमिनियमचे अंग स्वतःच कवचाचे काम करी. संमिश्राची वाहकता धातूच्या मानाने फार कमी असल्याने त्यात तांब्याची बारीक जाळी घालावी लागते, म्हणजे वाचवलेल्या वजनातला काही भाग परत द्यावा लागतो. विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या बॅटरीचे झाकण प्लास्टिकच्या संमिश्राचे केले की तीच अडचण येते. ड्रोन, उपग्रह, अंगावर घालायची वैद्यकीय उपकरणे यांत तर ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब असतो.

कवचाची क्षमता डेसिबलमध्ये सांगतात. २० डेसिबलचे कवच आलेल्या शक्तीचा शंभरावा भाग पलीकडे जाऊ देते, ४० डेसिबलचे दहा हजारावा आणि ६० डेसिबलचे दहा लाखावा. ही अडवणूक कशी होते याचा आजही वापरात असलेला हिशेब बेल प्रयोगशाळेतील सर्गेई शेलकुनॉफ यांनी १९४३ सालच्या ग्रंथात मांडला. तरंगाचा काही भाग पृष्ठावरून परत फिरतो, काही आत शिरून उष्णतेत मुरतो, आणि पातळ कवचात दोन्ही पृष्ठांमधल्या वारंवार परावर्तनांचीही दखल घ्यावी लागते. आत शिरलेला तरंग जितक्या अंतरावर सुमारे ३७ टक्के आयामापर्यंत उतरतो, त्या अंतराला त्वचा-खोली म्हणतात. तांब्यासाठी ती ५० हर्ट्झला नऊ मिलिमीटरहून थोडी जास्त, तर १ गिगाहर्ट्झला अवघी दोन मायक्रोमीटर असते. हलक्या कवचाची सारी आशा या दोन आकड्यांत आहे. मोबाइल, वाय-फाय आणि रडार यांच्या वारंवारतांना जाड पत्र्याची गरजच नसते. मिलिमीटरभर जाडीच्या तांब्यातला बहुतेक धातू या कामापुरता बिनउपयोगी ओझे असतो.

ते ओझे टाळण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे वाहक पदार्थाचा अतिपातळ थर, आणि दुसरा म्हणजे हलक्या पॉलिमरमध्ये किंवा फेसासारख्या सच्छिद्र साच्यात वाहक कणांचे जाळे. कार्बनच्या नळ्या, ग्राफीन, चांदीच्या नॅनोतारा आणि मॅक्झीन हे यातले मुख्य घटक. मॅक्झीन म्हणजे संक्रमण धातूंची कार्बाइडे किंवा नायट्राइडे यांचे द्विमित पापुद्रे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात युरी गोगोत्सी, मिशेल बारसूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २०११ मध्ये प्रथम तयार केली. २०१६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात कोरिया आणि ड्रेक्सेल येथील गटांनी टायटॅनियम कार्बाइड मॅक्झीनचे केवळ ४५ मायक्रोमीटर जाडीचे पटल ९२ डेसिबल अडवते, असे मोजून दाखवले. त्याआधी २०१३ मध्ये ग्राफीनच्या फेसावर सिलिकोन रबराचा पातळ लेप देऊन केलेल्या संमिश्राची घनता घनसेंटिमीटरला ०.०६ ग्रॅम होती. तांब्याची घनता ८.९६ आहे. यानंतर नव्या पाककृतींचा पूर आला.

हा पूर हाताळणे हेच मशीन लर्निंगचे पहिले काम. तीन थरांचे कवच घेतले, प्रत्येक थरासाठी सहा पदार्थ, फिलरची (म्हणजे मिसळलेल्या वाहक कणांची) दहा प्रमाणे आणि जाडीच्या पाच पायऱ्या धरल्या, तर एका थराचे ३०० पर्याय होतात आणि तीन थरांचे २ कोटी ७० लाख. एखादी प्रयोगशाळा वर्षाकाठी काही शेकडे नमुने बनवून मोजू शकते. कुठले शेकडे बनवायचे, हा खरा प्रश्न.

या प्रश्नाचा इतिहास समजतो त्यापेक्षा जुना आहे. एरिक मिकिएल्सन, राज मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जनुकीय अल्गोरिदम वापरून हलके, रुंद पट्ट्यात चालणारे बहुस्तरी सूक्ष्मतरंग-शोषक रचण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘हलके’ हा शब्द होता. पदार्थांची एक ठरलेली यादी, थरांचा क्रम आणि जाड्या यांची सरमिसळ करत अल्गोरिदम पिढीमागून पिढी चांगली रचना शोधत जाई. परस्परविरोधी उद्दिष्टांसाठी आज जगभर वापरली जाणारी एनएसजीए-२ ही पद्धत २००२ मध्ये कल्याणमय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आयआयटी कानपूरमध्ये सिद्ध केली. एकच सर्वोत्तम उत्तर देण्याऐवजी ती तडजोडींची एक सीमारेषा देते. त्या रेषेवरची कुठलीही रचना आणखी हलकी करायची तर अडवणुकीत तोटा सोसावा लागतो. कवचांच्या बाबतीत उत्तर याच रूपात मागायला हवे.

जनुकीय शोधाला एक गोष्ट लागते : प्रत्येक रचना कितपत चांगली हे झटपट सांगणारा हिशेब. एकजीव थरांच्या रचनेसाठी तो हिशेब संक्रमण-मॅट्रिक्सच्या गणिताने क्षणात होतो. पण थर फेसाचा असेल, त्यात नळ्या वेड्यावाकड्या गुंतलेल्या असतील, तर त्याची वाहकता किती हेच आधी कळत नाही. इथे शिकणारे मॉडेल उपयोगी पडते. फिलरचे प्रमाण, त्याच्या लांबी-रुंदीचे गुणोत्तर, जाडी, सच्छिद्रता, घनता आणि वारंवारता ही माहिती घ्यायची, मोजलेल्या नमुन्यांवरून संबंध शिकायचा आणि न बनवलेल्या नमुन्याचा अंदाज द्यायचा, असे त्याचे काम. लिओ ब्रायमन यांनी २००१ मध्ये मांडलेले रँडम फॉरेस्ट आणि त्यासारखी निर्णयवृक्षांवर आधारलेली मॉडेले यात सर्वाधिक दिसतात, कारण तुटपुंज्या आणि विस्कळीत तक्त्यांवरही ती तग धरतात. खोल न्यूरल जाळ्यांना हजारो उदाहरणे लागतात. शंभर-दोनशे नमुन्यांच्या तक्त्यावर ती चालवणे हा बहुधा हौसेचा भाग असतो.

लहान डेटासाठी सर्वांत योग्य ठरते ती गाउसियन प्रक्रिया. तिचे मूळ दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत आहे. थोड्या ठिकाणी घेतलेल्या नमुन्यांवरून मधल्या जागेतल्या सोन्याचा अंदाज कसा बांधावा, याचा विचार डॅनी क्रिगे यांनी १९५१ मध्ये केला, आणि पुढे त्याला त्यांच्याच नावावरून क्रिगिंग म्हणू लागले. ही पद्धत अंदाजासोबत तो किती खात्रीचा आहे हेही सांगते. बेजियन ऑप्टिमायझेशन नेमके याच खात्रीवर उभे आहे. जिथे अंदाज चांगला आहे किंवा जिथे अज्ञान मोठे आहे, त्यांतली सर्वांत लाभाची जागा निवडून पुढचा नमुना बनवायचा, मोजायचा, मॉडेल सुधारायचे आणि पुन्हा निवड करायची. नमुना बनवायला दिवस लागत असतील तिथे ही पद्धत विशेष मोलाची. मॅक्झीनसाठी मूळ पदार्थ आम्लाने कोरणे, धुणे, पापुद्रे सुटे करणे, गाळून पटल करणे आणि वाळवणे एवढे सोपस्कार असतात. तिथे वीस प्रयोग वाचले तर महिना वाचतो.

मात्र वाहक संमिश्रांचा एक स्वभाव सर्व गुळगुळीत मॉडेलांना अडचणीत आणतो. पॉलिमरमध्ये कार्बनच्या नळ्या हळूहळू वाढवत नेल्या तर सुरुवातीला वाहकतेत फारसा फरक पडत नाही. मग एका प्रमाणाला नळ्या एकमेकींना टेकून आरपार जाळे तयार होते आणि वाहकता अनेक दशपटींनी उसळते. लांब, सडपातळ नळ्यांसाठी हे उंबरठ्याचे प्रमाण वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असू शकते. मॉडेलला या उडीच्या दोन्ही बाजूंचे मोजके बिंदू दिले तर ते मध्ये सौम्य चढ काढते आणि नेमक्या महत्त्वाच्या जागी चुकते. उपाय भौतिकशास्त्रातच आहे. उंबरठ्याच्या वर वाहकता ही जादा प्रमाणाच्या घातानुसार वाढते, आणि त्रिमितीत हा घात दोनच्या आसपास असतो, हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून वाहकतेचा लॉगरिदम शिकवावा, उंबरठा हा वेगळा अज्ञात मानावा, आणि वाहकतेवरून अडवणुकीचा हिशेब तरंगांच्या समीकरणांवर सोपवावा. जे समीकरणाने येते ते मॉडेलला नव्याने शिकवण्यात डेटा वाया जातो.

हे किती खरे आहे ते पातळ पटलांवरून दिसते. त्वचा-खोलीपेक्षा बऱ्याच पातळ वाहक पटलाची अडवणूक जवळजवळ एकाच राशीवर ठरते : चौरसी रोध, म्हणजे पटलाच्या चौरस तुकड्याचा एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंतचा विद्युतरोध. तो १ ओहम असेल तर अडवणूक सुमारे ४५.६ डेसिबल येते, १० ओहम असेल तर सुमारे २६. पदार्थ ग्राफीन आहे की चांदी, याने फरक पडत नाही. अशा पटलांवर मॉडेल चालवून ‘वाहकता आणि जाडी हे सर्वांत महत्त्वाचे घटक’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे शेलकुनॉफचेच सूत्र पुन्हा शोधणे. प्रत्येक घटकाचा अंदाजातला वाटा सांगणारी शॅप ही पद्धत २०१७ पासून प्रचलित आहे आणि या क्षेत्रातही तिचे रंगीत आलेख भरपूर दिसतात. त्या आलेखांचे मोल सूत्राला दुजोरा देण्यात नाही. सूत्र कुठे तोकडे पडते ते दाखवण्यात आहे.

सूत्र तोकडे पडल्याचे एक ठळक उदाहरण २०२० मध्ये ‘सायन्स’मध्येच आले. टायटॅनियम कार्बोनायट्राइड या मॅक्झीनची वाहकता टायटॅनियम कार्बाइडपेक्षा कमी असते. तरीही तापवून तयार केलेल्या त्याच्या ४० मायक्रोमीटरच्या पटलाने ११६ डेसिबल अडवले, आणि त्याच जाडीच्या अधिक वाहक पटलाला मागे टाकले. तापवल्याने थरांमध्ये पोकळ्या निर्माण होऊन शोषण वाढले, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले. तोपर्यंतच्या तक्त्यांवर शिकलेल्या कुठल्याही मॉडेलने हा पदार्थ मागे ढकलला असता, कारण त्या तक्त्यांत वाहकतेचा रकाना होता, पोकळ्यांच्या रचनेचा नव्हता. मॉडेलला जो रकाना दिला नाही, त्याविषयी ते मुके असते. म्हणूनच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रे आणि सूक्ष्म सीटी स्कॅन थेट मॉडेलला देऊन रचनेची वैशिष्ट्ये काढण्याचे प्रयत्न महत्त्वाचे आहेत.

रचनेचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. नुसते अडवणे आता पुरेसे मानले जात नाही. परावर्तित तरंग त्याच पेटीतल्या दुसऱ्या चिपला त्रास देतो, म्हणून तो शोषला जावा अशी मागणी आहे. इथे निसर्गाचीच एक मर्यादा आडवी येते. तरंगलांबीच्या मानाने अतिशय पातळ, अचुंबकीय आणि मोकळ्या जागेत उभे असलेले पटल जास्तीत जास्त निम्मी शक्ती शोषू शकते, आणि तेही चौरसी रोध सुमारे १८८ ओहम असताना. तेव्हा पाव भाग परत फिरतो आणि पाव भाग आरपार जातो, म्हणजे अडवणूक जेमतेम ६ डेसिबल. वाहकता वाढवली की अडवणूक वाढते, पण शोषणाचा वाटा घटतो. दोन्ही हवे असेल तर जाडी आणि क्रमवारी हवी. पुढे कमी वाहकतेचा, तरंगाला आत येऊ देणारा सच्छिद्र थर, त्यात फेराइटसारखे चुंबकीय कण, आणि मागे चांगला वाहक थर, म्हणजे परतणारा तरंग पुढच्या थरातून पुन्हा जाऊन मुरेल. अशा चढत्या रचनेत प्रत्येक थराची जाडी आणि वाहकता इतर थरांवर अवलंबून असते. माणसाची अंतःप्रज्ञा तिथे लवकर थकते, आणि मशीन लर्निंगचा खरा लाभ इथेच दिसतो.

हवे ते गुण सांगून रचना मागणे याला उलटा प्रश्न म्हणतात, आणि तो सरळ प्रश्नापेक्षा अवघड आहे. एकाच गुणासाठी अनेक रचना बरोबर असतात. विनफिल्ड सॅलिसबरी यांच्या नावे १९५२ मध्ये पेटंट झालेला शोषक पडदा घेऊ. धातूच्या पत्र्यापुढे पाव तरंगलांबीवर सुमारे ३७७ ओहमचे रोधक पटल ठेवले की परावर्तन जवळजवळ थांबते. १० गिगाहर्ट्झला हे अंतर ७.५ मिलिमीटर. पण पाऊण तरंगलांबीवर, म्हणजे २२.५ मिलिमीटरवरही ते तसेच थांबते. दोन्ही उत्तरे शिकलेले साधे न्यूरल जाळे त्यांची सरासरी, १५ मिलिमीटर, सांगण्याकडे झुकते. नेमक्या त्या अंतरावर पडदा निकामी होऊन सगळा तरंग परत येतो. यावर २०१८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील झोंगफू यू यांच्या गटाने प्रकाशीय रचनांसाठी जोडजाळ्याची पद्धत मांडली. आधी सरळ अंदाज करणारे जाळे शिकवून गोठवायचे, मग उलटे जाळे त्याच्यापुढे जोडून, सुचवलेली रचना हवा तो गुण देते का एवढेच तपासत शिकवायचे. त्यामुळे ते कुठल्यातरी एका खऱ्या उत्तरावर स्थिरावते. सगळी उत्तरे हवी असतील तर एकाच मागणीवर वेगवेगळ्या रचना निर्माण करणारी जनरेटिव्ह मॉडेले लागतात.

ही तंत्रे प्रत्यक्ष फळली आहेत ती मुख्यतः नक्षीदार पृष्ठांच्या क्षेत्रात. लँडी, पॅडिया आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये धातूच्या बारीक नक्षीने एका वारंवारतेला जवळपास संपूर्ण शोषण करून दाखवले, तेव्हापासून अशा नक्ष्यांचा शोध सुरू आहे. त्यांची वागणूक मॅक्सवेलच्या समीकरणांचे संगणकीय उत्तर काढून अचूक कळते, आणि संगणक रात्रभरात हजारो उदाहरणे तयार करून देतो. डेटाचा दुष्काळ नसल्याने खोल जाळी तिथे शोभतात. फेस आणि संमिश्रांना ही सोय नाही. त्यांचे प्रत्येक उदाहरण भट्टीतून, गाळणीतून आणि मोजणीच्या टेबलावरून यावे लागते.

त्यामुळे या क्षेत्रातली बरीच कामे प्रसिद्ध निबंधांतून आकडे गोळा करून मॉडेल शिकवतात, आणि अडचणी तिथेच साठल्या आहेत. पहिली अडचण संज्ञेची. अडवणुकीचे डेसिबलमधले दोन भाग, परावर्तनाचा आणि शोषणाचा, वेगवेगळे छापले जातात. समजा परावर्तनाचा भाग १० डेसिबल आणि शोषणाचा ५० डेसिबल आहे. हे कवच ‘शोषणप्रधान’ असल्याचे अनेकदा लिहिले जाते. पण १० डेसिबल परावर्तनाचा अर्थ नव्वद टक्के शक्ती दारातूनच परत गेली. शोषणाचे ५० डेसिबल आत शिरलेल्या उरलेल्या दहा टक्क्यांपुरते आहेत. हा चुकीचा शिक्का तसाच तक्त्यात उतरला तर ‘शोषक कवच शोध’ असे सांगितलेले मॉडेल आरसा शोधून आणते.

दुसरी अडचण तपासणीची, आणि ती अधिक गंभीर आहे. मोजणीचे यंत्र एका नमुन्यावर सहसा २०१ वारंवारतांना वाचन घेते. वीस नमुन्यांचा तक्ता अशा रीतीने ४,०२० ओळींचा होतो आणि भरगच्च दिसतो. या ओळी सरसकट पिसून ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के तपासायला ठेवल्या, तर तपासणीतल्या प्रत्येक ओळीचे शेजारी शिकवणीत असतात. १०.०० गिगाहर्ट्झचे उत्तर ठाऊक असताना १०.०२ चे उत्तर सांगणे ही परीक्षा नव्हे. तरीही ०.९९ असा अचूकतेचा आकडा येतो. खरी परीक्षा म्हणजे अख्खे नमुने, शक्यतो एखाद्या प्रयोगशाळेचे सर्व नमुने, शिकवणीतून बाजूला ठेवणे. तसे केल्यावर आकडा घसरतो, पण तोच विश्वासार्ह असतो. अशी विभागणी न सांगणारा अचूकतेचा दावा वाचकाने ग्राह्य धरू नये.

तिसरी गोष्ट, फसलेले नमुने छापले जात नाहीत. १२ डेसिबल अडवणारा फेस कुठल्याच नियतकालिकात जात नाही, त्यामुळे मॉडेलला जग आहे त्याहून चांगले दिसते आणि उंबरठ्याखालचा सगळा प्रदेश कोरा राहतो. त्यात मोजणीच्या मर्यादांची भर पडते. तरंगनलिकेच्या पद्धतीत नमुना आणि नलिकेची भिंत यांत केसभर फट राहिली तरी गळती होते. शंभर डेसिबलच्या वरचे आकडे यंत्राच्या स्वतःच्या गोंगाटाजवळ पोचतात. बहुतेक मोजण्या ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात होतात, कारण त्या पट्ट्याची नलिका सर्वत्र असते. मोटारींच्या रडारची वारंवारता मात्र ७६ ते ८१ गिगाहर्ट्झ आहे. पहिल्या पट्ट्यावर शिकलेल्या मॉडेलने दुसऱ्याविषयी बोलणे म्हणजे अंदाज नव्हे, धाडस.

उद्दिष्टाची निवड हाही वादाचा विषय आहे. हलकेपणा मोजण्यासाठी अडवणुकीला घनतेने आणि पुढे जाडीनेही भागण्याची प्रथा पडली आहे. या भागाकारात दोष आहे. १ ओहमच्या पटलाची जाडी निम्मी केली तर अडवणूक ४५.६ वरून ३९.६ डेसिबलवर येते, म्हणजे फार थोडी घटते, पण जाडीने भागलेला आकडा पावणेदोन पट होतो. मॉडेलला हाच आकडा वाढवायला सांगितले तर ते जाडी शून्याकडे नेत राहील. कामाचे कवच त्यातून मिळणार नाही. योग्य मागणी अशी असते : ठरलेल्या पट्ट्यात किमान ४० डेसिबल, परावर्तन अमुक मर्यादेत, जाडी अमुक, आणि या अटींत प्रति चौरस मीटर वजन कमीत कमी. अभियंता नेमके हेच विचारतो.

मॉडेलने सुचवलेल्या शोषकांची एक स्वस्त आणि कठोर कसोटी उपलब्ध आहे. रशियन भौतिकशास्त्रज्ञ कॉन्स्टँटिन रोझानॉव्ह यांनी २००० मध्ये सिद्ध केले की धातूच्या पाठीवरच्या शोषकाची जाडी आणि त्याच्या पट्ट्याची रुंदी यांत एक अटळ नाते आहे. अचुंबकीय शोषकाने ८ ते १२ गिगाहर्ट्झमध्ये परावर्तन दहा डेसिबलने कमी करायचे असेल तर जाडी किमान ०.७३ मिलिमीटर हवी. २ ते १८ गिगाहर्ट्झचा पट्टा हवा असेल तर सुमारे पावणेआठ मिलिमीटर. यापेक्षा पातळ रचना मॉडेलने दिली, तर डेटात किंवा हिशेबात चूक आहे असे निःशंक समजावे. अशा मर्यादा मॉडेलच्या शिकवणीतच घालणे शक्य आहे. ऊर्जेची बेरीजही तशीच : परावर्तित, शोषित आणि पार गेलेले अंश मिळून एकच भरले पाहिजेत. समीकरणांचे उल्लंघन हीच चूक मानून शिकणारी न्यूरल जाळी मझियार रायसी, पॅरिस पर्दिकारिस आणि जॉर्ज कार्नियाडाकिस यांच्या २०१९ च्या निबंधानंतर सर्वत्र पोचली. कवचांसाठी तो मार्ग विशेष योग्य आहे, कारण इथली मूळ समीकरणे दीडशे वर्षांहून जुनी आणि निर्विवाद आहेत.

प्रयोगशाळेतून पेटीपर्यंतचे अंतर मात्र मॉडेलने अजून ओलांडलेले नाही. मॅक्झीन पाण्यात आणि दमट हवेत ऑक्सिडीकरण होऊन हळूहळू टायटॅनियम ऑक्साइडकडे जाते आणि वाहकता गमावते. बहुतेक तक्त्यांत नमुन्याच्या वयाचा रकानाच नसतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात वापरायच्या उपकरणासाठी तो रकाना पहिला असायला हवा. शिवाय पेटी म्हणजे सपाट तुकडा नव्हे. तिला झाकण असते, सांधे असतात, तारा जायला भोके असतात. १० गिगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी १५ मिलिमीटर होते, आणि एवढ्या लांबीची फट पेटीला जवळजवळ उघडी पाडते. ७७ गिगाहर्ट्झला तीच लांबी दोन मिलिमीटरपर्यंत खाली येते. पदार्थ ६० डेसिबलचा असूनही पेटी तिशीत अडकते ती यामुळे. पदार्थाचे मॉडेल आणि पेटीच्या आकाराचे संगणकीय विश्लेषण एकत्र जोडण्याचे काम आज सर्वांत कमी झाले आहे, आणि उद्योगाला सर्वाधिक उपयोग त्याचाच होईल.

भारतात या कामासाठी लागणारी मोजणीची बैठक आहे. समीर या संस्थेची मुंबई आणि चेन्नईतील केंद्रे, पुण्यातील वाहन संशोधनसंस्था एआरएआय येथे विद्युतचुंबकीय सुसंगततेच्या चाचण्या नियमित होतात, आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी कार्बनयुक्त कवचांवर दीर्घकाळ काम केले आहे. उणीव आहे ती सामायिक डेटाची. मटेरियल्स प्रोजेक्ट हा अमेरिकेतला खुला संग्रह २०११ पासून स्फटिकांची माहिती जगाला देतो. संमिश्र कवचांसाठी त्या तोडीचे काहीही नाही. ते उभे करायला महाग यंत्र लागत नाही. प्रत्येक गटाने आपल्या प्रत्येक नमुन्याचे, फसलेल्या नमुन्यासकट, सर्व वारंवारतांचे मूळ वाचन, जाडी, घनता, चौरसी रोध, बनवल्याची आणि मोजल्याची तारीख आणि त्या दिवशीची हवेतली आर्द्रता एवढे खुले ठेवावे. संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थांनी ही अट अनुदानाच्या करारातच घालावी.